विंडोज न काढता लिनक्स: सुरुवात कुठून करायची? (सोलापूरकरांसाठी धागा)

भुईकोट

मंडळी, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर संपला. तेव्हापासून दुरुस्तीला मशिन घेऊन येणारे बहुतेक जण एकच विचारतात: "अकरा चढत नाही म्हणतंय, आता हे भंगारात घालू का?" विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आपल्याकडं नवी पेठेत, सात रस्त्यावर, विद्यापीठाच्या वाटेवर झेरॉक्स-डीटीपीची, फॉर्म भरायची जी दुकानं आहेत, तिथं सहाव्या-सातव्या पिढीची मशिनं अजून ठणठणीत चालतात. एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली की पळतात. अशी मशिनं टाकून द्यायला लोकांना भाग पाडलं जातंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा, हा धागा.

वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली असेल तर घरगुती मशिनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. म्हणजे आजच्या आज काही कोसळत नाही. ही मुदत शिकण्यासाठी वापरा.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात शेवटी बदला, आधी सॉफ्टवेअर बदला. लोक नेमकं उलटं करतात. पुण्याहून कुणी भाचा येतो, एका रात्रीत विंडोज पुसून लिनक्स टाकून जातो. सकाळी दुकान उघडल्यावर मालकाला कळतं, की बिलं निघत नाहीत, सही होत नाही, पत्रिकेची जुनी फाइल उघडत नाही. मग तो माणूस जन्मभर लिनक्सचं नाव काढत नाही. दोष लिनक्सचा नसतो, क्रम चुकलेला असतो.

लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, जिंप (फोटोसाठी), इंकस्केप (डिझाइनसाठी), ऑडॅसिटी (आवाजासाठी) ही सगळी मंडळी विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवरही. तेव्हा आहे त्याच विंडोजवर ती आज उतरवून घ्या आणि रोजचं काम त्यांच्यावर सुरू करा. पत्र लिबरऑफिस रायटरमध्ये लिहा, फोटो जिंपमध्ये कापा. हात बसू द्या. कुठं अडतंय ते वहीत लिहीत जा. ज्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की दिवसभरातलं बहुतेक काम याच सॉफ्टवेअरवर होतंय, त्या दिवशी खालची सिस्टिम विंडोज आहे की लिनक्स यानं फारसा फरक पडत नाही. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघायचं, आणि ते पटलं तरच विंडोजच्या शेजारी त्याला जागा द्यायची.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं लिहीन, बाकीच्यांनीही भर घालावी.

कडकभाकरी

दादा, चांगला विषय काढलात. माझं फॉर्म भरायचं आणि हिशेबाचं छोटं ऑफिस आहे, अशोक चौकाजवळ. टॅली, जीएसटीचं ऑफलाइन टूल, डिजिटल सहीचं टोकन यावरच पोट आहे. माझ्यासारखीनं या वाटेला जावं का?

भुईकोट

ताई, तुमच्यासाठीच तर "शेजारी" म्हणतोय. टॅली विंडोजसाठीच बनतं. जीएसटीचं ऑफलाइन टूल एक्सेलच्या आधारानं चालतं. सहीच्या टोकनचं गाडं ड्रायव्हरवर अडतं. ही तिन्ही कामं विंडोजवरच ठेवा, वाइन (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे वापरून ती लिनक्सवर ओढून आणायच्या फंदात पडू नका. धंद्याच्या मशिनवर प्रयोग नको.

पण तुम्ही दिवसभर जे बाकीचं करता, म्हणजे वेबसाइटवर फॉर्म भरणं, पीडीएफ जोडणं, स्कॅन करणं, अर्ज टाइप करणं, ईमेल, ते लिनक्सवर आरामात होतं. आणि दुकानांत जो त्रास मी रोज बघतो, गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून येणारे व्हायरस, तो तिथं जवळपास उरत नाही, कारण ते बहुतेक विंडोजसाठी लिहिलेले असतात. गिऱ्हाइकाचं काम लिनक्समध्ये आणि हिशेब विंडोजमध्ये, अशी वाटणी केलीत तर तुमचा टॅलीचा डेटासुद्धा जास्त सुरक्षित राहील. टॅलीचा बॅकअप मात्र वेगळ्या डिस्कवर घेत राहायचा, त्याला पर्याय नाही.

सातरस्ता

कुठलं लिनक्स? नेटवर बघायला गेलं की शंभर नावं येतात आणि डोकं फिरतं. उबुंटू, मिंट, फेडोरा, झोरिन, आणि अजून काय काय.

भुईकोट

पहिल्यांदा करताय तर मिंट घ्या, फार विचार करू नका. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये सुरू केलेलं कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सगळ्यांच्या पोटात तेच आहे, वरचा साज वेगळा. मिंटमध्ये खाली डावीकडं मेनू, घड्याळ उजवीकडं, खिडक्यांना फुल्या जिथल्या तिथं. एमएस-सीआयटी केलेल्या माणसाला बिचकल्यासारखं होत नाही. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर बांधलंय आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, त्यामुळं दर वर्षी नव्यानं घालायची कटकट नाही. रॅम आठ जीबी असेल तर सिनॅमन, चारच असेल तर एक्सएफसीई. दोन्ही मिंटच, पडद्याचा साज तेवढा वेगळा, एक्सएफसीई जरा हलकं.

ज्यांना प्रोग्रामिंग शिकायचंय आणि मशिन दणकट आहे, त्या इंजिनिअरिंगच्या पोरांना डिस्कची वाटणी करायचीही गरज नाही. विंडोज १० च्याच नंतरच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) आहे, एका आज्ञेत उबुंटू आत बसतं. टर्मिनल, पायथन, सी, गिट सगळं तिथं शिकता येतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आख्खं मिंट खिडकीत चालवता येतं, पण चार जीबी रॅमवर ते रांगतं, त्याच्या नादी लागू नका.

शेंगाचटणी

लाइव्ह पेनड्राइव्हबद्दल नीट लिहा ना कुणीतरी. माझा मुलगा म्हणतो, पेनड्राइव्ह लावून चालू केलं की काही बदलत नाही. खरंय का?

जुळेसोलापूर

काकू, मुलाचं बरोबर आहे. मिंटची फाइल साधारण तीन जीबीची असते, ती त्यांच्याच साइटवरून उतरवा, दुसरीकडून नको. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. विंडोजमध्ये रूफस किंवा बालेनाएचर वापरून ती फाइल पेनड्राइव्हवर चढवायची. पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं बघा. मग मशिन बंद करून चालू करताना एफ१२, एफ९ नाहीतर एस्केप, कंपनीप्रमाणं कळ वेगळी, दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. मिंट रॅममध्ये उघडतं, तुमच्या डिस्कला हात लावत नाही. पेनड्राइव्ह काढून परत चालू केलं की विंडोज होतं तसं.

या अवस्थेतच सगळं तपासून घ्या. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, ब्राइटनेसच्या कळा चालतात का, प्रिंटर दिसतो का. वायफाय दिसलं नाही तर घाबरायचं नाही. मोबाइल यूएसबी वायरनं जोडून टेदरिंग चालू करा, नेट मिळतं. इन्स्टॉल केल्यावर त्याच नेटवरून ड्रायव्हर मॅनेजर वायफायचा ड्रायव्हर शोधून देतो. पेनड्राइव्हवरून जरा सावकाश चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

कडकभाकरी

प्रिंटरचं विचारायचंच होतं. ऑफिसात जुना लेझर आहे, त्याच्यावर रोज रीम उडते.

जुळेसोलापूर

नेटवर्कवाले आणि अलीकडचे वायफाय प्रिंटर बहुतेक आपोआप दिसतात. एचपीचे बरेच मॉडेल एचपीलिप या लिनक्सवरच्या ड्रायव्हरनं चालतात. जुने, फक्त यूएसबीवर चालणारे काही लेझर मात्र हटवादी असतात. आमच्या क्लासमध्ये तसाच एक होता, शेवटी त्याच्यासाठी एक मशिन विंडोजवर ठेवलं. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून एक पान छापून बघा, मग ठरवा. तोवर पीडीएफ करून विंडोजकडून छापलं तरी काम होतं.

टॉवेलवाला

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला. घरचे यंत्रमाग आहेत, जेकॉर्डची चादर आणि टॉवेल. डिझाइनचं सॉफ्टवेअर डोंगलवर (परवान्याची यूएसबी चावी) चालतं, ते हलत नाही हे माहीत आहे. पण वडील म्हणलालेत की नुसतं डिझाइन आखायला दरवेळी त्या एकाच मशिनपुढं रांग कशाला लावायची? दुसऱ्या मशिनवर फुकटातलं काही चालेल का?

भुईकोट

हा प्रश्न फार आवडला. डोंगलवालं मशिन विंडोजवरच राहू द्या. पण त्याच्या आधीचा टप्पा, म्हणजे चित्रावरून मोजक्या रंगांचा नकाशा करणं, जिंपमध्ये अगदी छान होतो, आणि जिंप दोन्हीकडं तेच आहे.

समजा मोराची बुटी आहे, मोबाइलवर काढलेला फोटो. आधी ती तुमच्या हुकांच्या (ताण्याचे उभे धागे उचलणारे) आणि पिकांच्या (बाण्याचे आडवे धागे) संख्येइतकी लहान करायची, म्हणजे एक ठिपका म्हणजे एक हूक, एक पीक. लहान करताना इंटरपोलेशन 'नन' ठेवायचं. तसं केलं नाही तर जिंप दोन रंगांच्या मध्ये स्वतःचे मधले रंग घालतो, कडा धूसर होतात आणि त्या विणायला घेता येत नाहीत. मग इमेज मेनूत मोड, त्यात इंडेक्स्ड, आणि रंग किती ते सांगायचं. चार म्हटलं की चारच उरतात. त्यानंतर ग्रिड एका ठिपक्याची करून चालू करायची, चित्र मोठं करायचं आणि पेन्सिल घ्यायची. ब्रश नाही, पेन्सिलच, कारण ब्रशची कड मऊ असते. आता एकेक घर भरत चला. पडद्यावर आलेखाच्या कागदासारखंच दिसतं, जुन्या डिझाइनरांना ते लगेच ओळखीचं वाटतं. शेवटी बीएमपी म्हणून काढायचं. तुमचं सॉफ्टवेअर बीएमपी घेतं का, ते एकदा त्याच्या इम्पोर्ट मेनूत बघून घ्या.

वडिलांना आधी विंडोजवरच जिंप टाकून द्या. पटलं तर दुसरं मशिन मिंटवर न्या.

टॉवेलवाला

पेन्सिल आणि ब्रशचा हा फरक कुणी सांगितलाच नव्हता. कडेला चार-चार रंग का येतात ते आत्ता कळलं. धन्यवाद दादा.

हुतात्माबाग

माझी अडचण मराठीची. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, श्रद्धांजलीचे फलक. वीस वर्षांचं काम श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि आपल्या गावाचं तर माहीतच आहे, एका पत्रिकेत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कन्नड. लिनक्सवर हे होणार का?

भुईकोट

दोन भाग आहेत. जुनं काम आणि नवं काम.

जुन्या फाइलींत अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर तशीच दिसणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, नसतात. आत इंग्रजी खुणा असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. फॉन्ट नसला की कचरा दिसतो. तो साठा विंडोजवर, त्याच सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. परत लागेल तेव्हा तिकडं जायचं. वीस वर्षांचं सगळं एकदम बदलायला घेऊ नका, जे पुन्हा पुन्हा लागतं तेवढंच युनिकोडमध्ये आणा.

नवं काम मात्र आजपासून युनिकोडमध्ये करा, मग ते विंडोजवर असो की लिनक्सवर. मुक्त, बालू, नोटो यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत, दोन्हीकडं चालतात. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकानं पाठवलेला मजकूर तसाच चिकटवता येतो, पुन्हा टाइप करावा लागत नाही. हा एकच फायदा मोजला तरी रोजचा केवढा वेळ वाचतो!

टायपिंगसाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची ठरलेली कळमांडणी) मिळतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. इनस्क्रिप्टची गोम आपल्या गावाला फार उपयोगी आहे. एकाच कळीवर सगळ्या लिप्यांतलं तेच अक्षर असतं. के दाबलं की मराठीत क, तेलुगूत तेलुगूचा क, कन्नडमध्ये कन्नडचा क. एच म्हणजे प, जे म्हणजे र, डी म्हणजे हलन्त, तिन्हीकडं. बोटं एकदाच शिकतात. तिन्ही लेआउट जोडून ठेवा, अदलाबदलीला एक कळजोडी नेमा, पत्रिका बदलली की लिपी बदला. तेलुगू मातृभाषा असलेल्या मुलाला तुम्ही मराठी टायपिंगला बसवलंत, तर तो तेलुगूही त्याच हातानं टाइप करेल.

'दुसऱ्या', 'सुऱ्या' यातला ऱ्या नेहमी अडतो म्हणून सांगतो: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरपी रेघ, मग ई.

ज्यांना उच्चाराप्रमाणं टाइप करायची सवय आहे त्यांनी आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या सोयीबरोबर एम१७एन हा जोड घ्यावा. त्यात मराठीसाठी फोनेटिक आहे आणि गमभनही आहे.

मांडणीसाठी इंकस्केप बघा. कोरलड्रॉ लिनक्सवर येत नाही. इंकस्केप त्याच्या जुन्या सीडीआर फाइली उघडतो, पण मांडणी हललेली असू शकते, तेव्हा छपाईला देण्याआधी डोळ्याखालून घाला.

शेंगाचटणी

लिबरऑफिसमध्ये मी फॉन्ट बदलते, इंग्रजीचा बदलतो, मराठीचा तसाच राहतो. असं का होतं?

सातरस्ता

कारण त्यात इंग्रजी आणि भारतीय लिप्यांचे फॉन्ट वेगवेगळे धरलेले असतात. टूल्स, ऑप्शन्स, मग लँग्वेजेसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करा आणि भाषा मराठी निवडा. त्यानंतर रायटरच्या पर्यायांत सीटीएलचे (म्हणजे याच कॉम्प्लेक्स टेक्स्टचे) बेसिक फॉन्ट असा भाग दिसेल, तिथं आवडीचा मराठी फॉन्ट एकदाच लावून टाका. आणि सरकारी ऑफिसला किंवा गिऱ्हाइकाला फाइल द्यायची असेल तर पीडीएफ द्या, नाहीतर डॉकएक्स म्हणून जतन करा.

कडकभाकरी

पेनड्राइव्हवरून मिंट चालवलं. वायफाय लागलं, स्कॅनरही चालला, लेझर नाही चालला. आता शेजारी टाकायचं म्हणतेय. डेटा जाण्याची भीती वाटते, म्हणून पायरी पायरीनं सांगाल का?

भुईकोट

भीती वाटणं बरोबर आहे, ती ठेवाच. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि तो दुसऱ्या मशिनवर उघडून बघितलेला. एवढं झाल्याशिवाय पुढचं वाचूच नका.

आता विंडोजमध्ये तीन गोष्टी. पहिली, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते बघा. असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवा. बूटमध्ये, म्हणजे मशिन सुरू होण्याच्या पद्धतीत, बदल झाला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर तुमच्याच डेटापुढं तुम्ही परके. काही लॅपटॉपवर हे मालकाला न कळता चालू असतं, म्हणून मी प्रत्येकाला आधी हेच विचारतो. दुसरी, कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला ती डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. तिसरी, डिस्क मॅनेजमेंट उघडून सी ड्राइव्ह आकसून घ्या. ६०-७० जीबी मोकळी केली तरी सुरुवातीला भरपूर झाली. मोकळ्या झालेल्या जागेत नवीन ड्राइव्ह करायचा नाही, ती 'अनॲलोकेटेड' अशीच काळ्या पट्टीत दिसू द्यायची.

मग पेनड्राइव्हवरून मिंट, त्यात इन्स्टॉल. 'विंडोज बूट मॅनेजरच्या शेजारी' असा पर्याय येईल, तोच घ्यायचा. त्याच पडद्यावर 'डिस्क पुसून टाका' असाही पर्याय असतो. तिथं घाई नको, दोनदा वाचा. शेजारचा पर्याय आलाच नाही तर पुढं जाऊ नका. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीनं उघडलेला असतो आणि विंडोज यूईएफआयवर, म्हणजे मशिन सुरू करायच्या नव्या पद्धतीवर, असतं. परत चालू करून पेनड्राइव्हची यूईएफआय लिहिलेली नोंद निवडा. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम उघडू न देणारं कुलूप) बंद करायची सहसा गरज पडत नाही, मिंट आणि उबुंटू ते चालू असतानाही बसतात.

आणि लॅपटॉप चार्जरवर, बॅटरी भरलेली. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका. उन्हाळ्यात आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि डिस्कची वाटणी चालू असताना ती गेली तर निस्तरणं अवघड. डेस्कटॉपवाल्यांना तर मी म्हणेन, दुसरी छोटी एसएसडी घ्या आणि लिनक्स तिच्यावर टाका. इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची वायर काढून ठेवली की तिला धक्का लागण्याचा प्रश्नच येत नाही.

जुळेसोलापूर

दोन गोष्टींची भर. मिंटमध्ये गेल्यावर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट लावून ठेवा. अपडेटनंतर काही बिघडलं तर सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते. पण तो तुमच्या कागदपत्रांचा बॅकअप नव्हे, ती वेगळी ठेवायची.

दुसरं, विंडोजच्या अपडेटनंतर कधी कधी निवडीचा पडदा न येता थेट विंडोज उघडतं. लिनक्स गेलेलं नसतं, बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन मिंट किंवा उबुंटू नावाची नोंद वर आणायची. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटनं मात्र बऱ्याच जणांचं लिनक्स खरंच उघडेना, तो सिक्युअर बूटमधला बदल होता. म्हणून मिंटचा पेनड्राइव्ह पुसू नका, ड्रॉवरमध्ये राहू द्या.

शेंगाचटणी

आमच्या मुलानं टाकलं कालच. सगळं छान आहे, पण विंडोजमध्ये परत गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं दाखवतंय. बॅटरीचा सेल गेला असेल का?

भुईकोट

सेल नाही काकू. मशिनच्या आतल्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स तिथं जागतिक वेळ ठेवतं, आणि आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं. म्हणून बरोबर तेवढाच फरक. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगायचं की मिटलं. टाइमडेटसीटीएल नावाच्या आज्ञेत 'सेट लोकल आरटीसी' एक करायचं, मुलाला एवढं सांगितलं की तो शोधून काढेल. मग विंडोजमध्ये जाऊन एकदा वेळ सिंक करा. आधी हे दुरुस्त करा, कारण वेळ चुकलेली असली की काही वेबसाइट आणि ओटीपीची लॉगिनं अडतात.

कडकभाकरी

माझा बॅकअप झाला, रिकव्हरी की कागदावर उतरवली, फास्ट स्टार्टअप बंद केलं. उद्याच टाकू का?

भुईकोट

ताई, उद्या नको. २० तारीख जाऊ द्या, सगळ्यांचं ३बी (जीएसटीचं महिन्याचं विवरण) भरून होऊ द्या. त्यानंतरच्या रविवारी सकाळी सुरू करा. मशिन घेऊन दुकानात आलात तरी चालेल, शेजारी बसून तुमच्याच हातानं करून घेऊ. सहीचं टोकन मात्र त्या दिवशी घरी ठेवून या.

सातरस्ता

रविवारी मीही येतो. माझ्याकडं सहाव्या पिढीचा लॅपटॉप आहे, रॅम चार जीबी. एक्सएफसीईचा पेनड्राइव्ह तयार करून आणतो, म्हणजे तिथं उतरवत बसायला नको. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिबरऑफिसचे धडे मराठीत आहेत, ते कडकभाकरी ताईंनी तोवर बघून ठेवले तर बरं.

कडकभाकरी

बघते आजपासून. टॅलीचा आणखी एक बॅकअप घेऊन तो घरच्या डिस्कवरही ठेवते.